मागता न येणारे दान : रणातील आत्मबलिदान आणि मरणोत्तर सन्मान

१० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. कंपनीतील एका रायफल सेक्शनचे नेतृत्व नाईक यशवंत घाडगे यांच्याकडे होते. ते तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. वय बावीस वर्षे. अगदी जवळून सुरू झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात सेक्शनमधील बाकीचे सगळे ठार किंवा जखमी झाले. एकटे उरलेले घाडगे थेट मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब फेकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली, तिच्यावरच्या आणखी एका सैनिकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला उसंत नाही हे पाहून बंदूक नळीकडून धरली व तिच्या घावांनी उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. जगण्याची आशा फार थोडी आहे हे ठाऊक असताना त्यांनी ही कृती केली, असे गौरवपत्रात आवर्जून नोंदवलेले आहे. आज माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे.

अशा मृत्यूपुढे माणूस नतमस्तक होतो. पण त्या आदराच्या पोटात काही कठीण प्रश्न आहेत. मरण समोर दिसत असताना पुढे जाणे हा स्वतःच्या जिवाचा नाश की दान? ज्या कृतीत दुसऱ्यांचे प्राण घेतले गेले, तिला त्याग म्हणावे का? असा त्याग हे सैनिकाचे कर्तव्यच असते, की ते कर्तव्याच्या पलीकडचे असते? आणि ज्याला पदक दिले जाते तो ते घ्यायला उरलेलाच नसेल, तर तो सन्मान नेमका कोणाचा होतो? या प्रश्नांचा धर्मपरंपरांनी आणि तत्त्वज्ञांनी पूर्वीपासून विचार केला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात तर त्यांतील कित्येक उत्तरे दगडात कोरलेली आणि भिंतींवर रंगवलेली सापडतात.

जीव टाकणे आणि जीव देणे

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ च्या आपल्या ग्रंथात आत्महत्येची व्याख्या फार व्यापक केली. आपल्या कृतीचा परिणाम मृत्यू आहे हे ठाऊक असून ती करणारा प्रत्येक जण त्या व्याख्येत बसतो. त्यामुळे इतरांसाठी मरण पत्करणारा सैनिकही त्यांच्या वर्गीकरणात येतो. समूहाशी अतिशय घट्ट बांधला गेल्यामुळे स्वतःचा जीव गौण मानणाऱ्यांचा त्यांनी निराळा प्रकार केला. समाजाच्या अभ्यासाला अशी व्याख्या उपयोगी पडत असेल, पण नीतीच्या विचारात ती अपुरी आहे. ती माणसाला काय ठाऊक होते एवढेच पाहते. त्याला काय हवे होते ते पाहत नाही.

हा फरक ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. माणूस ऐन वेळी वाचला असता, तर त्याचा हेतू फसला असता का? आत्महत्या करू पाहणारा वाचला तर त्याचा बेत फसतो. घाडगे वाचले असते तर त्यांचे काहीच फसले नसते. मशीनगन बंद पडली होती आणि कंपनीची वाट मोकळी झाली होती. हे नुसते अनुमान नाही. त्याच पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे, घाडगे यांच्यासारखेच १९२१ साली जन्मलेले. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीवर त्यांनी मशीनगनच्या माऱ्यात जखमी सोबत्यांना नदीपार नेले आणि मग एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी गप्प केली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जगले आणि १९८४ पर्यंत आपल्या माणसांत राहिले. जगले म्हणून त्यांचे शौर्य तसूभरही उणे ठरत नाही. दोघांनीही आपला जीव पणाला लावला होता. एकाला तो परत मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही. त्यागाचे मोल मरणात असते हा समज या दोन आयुष्यांपुढे टिकत नाही. ते मोल मरणाची तयारी ज्या कारणाने झाली, त्या कारणात असते.

बौद्ध परंपरेने हा विचार फार स्पष्टपणे मांडला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये, महाविद्यालय सुरू केले. त्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव मिळाले, ते ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथावरून. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरे देतात, अशी या ग्रंथाची रचना आहे. एके ठिकाणी राजा विचारतो की, जन्म, जरा, मरण हे सारे दुःखच आहे असे शिकवणाऱ्या बुद्धाने भिक्खूंना आत्मघाताची मनाई का केली? नागसेनांच्या उत्तराचा आशय असा, की शीलवान माणूस इतर प्राण्यांच्या उपयोगी पडतो, त्यांचे दुःख हलके करतो. म्हणून त्याने आपले जीवन नष्ट करू नये. मनाईचे कारण इथे महत्त्वाचे आहे. जीव राखायचा तो इतरांसाठी. मग इतरांना वाचवण्यासाठीच जीव द्यावा लागला, तर त्या तत्त्वाचा भंग होत नाही. त्याच तत्त्वाचे ते शेवटचे टोक ठरते.

अजिंठ्याची चित्रे हेच सांगतात. बोधिसत्त्वाच्या पूर्वजन्मांच्या कथांमध्ये, म्हणजे जातकांमध्ये, तो उपाशी वाटसरूंचा जीव वाचावा म्हणून स्वतःला कड्यावरून झोकून देणारा हत्ती होतो, कबुतराच्या बदल्यात स्वतःचे मांस देणारा शिबी राजा होतो. यांतल्या कोणालाही जगण्याचा वीट आलेला नाही. समोरच्याचे संकट आणि आपला देह यांच्यामध्ये दुसरा उपाय उरला नाही, तेव्हाच देह पुढे केला गेला आहे.

हातून झालेल्या हिंसेचे काय?

मात्र जातकातला हत्ती कोणाला मारत नाही. सैनिक मारतो. त्यामुळे त्याच्या त्यागाचा विचार हिंसेला बगल देऊन करता येत नाही, आणि या बाबतीत भारतीय परंपरांनी एकच एक उत्तर दिलेले नाही.

मराठवाड्यात आणि महाराष्ट्रात गावोगावी आढळणाऱ्या वीरगळी त्यांतले एक उत्तर सांगतात. वीरगळीचा दगड सहसा खालून वर वाचायचा असतो. खालच्या चौकटीत लढाई असते, पुष्कळदा गावची गुरे पळवणाऱ्यांशी झालेली, आणि पडलेला वीर असतो. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना दिसतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दाखवलेला असतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. ते आहेत तोवर ही कीर्ती राहो, हा त्यांचा अर्थ. रणात पडलेल्याला स्वर्ग मिळतो ही श्रद्धा इथे दगडात कोरलेली आहे. गीतेतही कृष्ण अर्जुनाला मेलास तर स्वर्ग आणि जिंकलास तर पृथ्वी असे सांगतो. पण गीता तिथे थांबत नाही. लगेच पुढे सुखदुःख, लाभहानी, जयपराजय समान मानून लढण्याचा उपदेश येतो, आणि पुढे फळाची आशाच सोडायला सांगितली जाते. पैठण तालुक्यातील आपेगावी जन्मलेल्या ज्ञानदेवांनी मराठीत आणलेला गीतार्थही कर्त्याच्या अहंकाराचा आणि फलाशेचा निरास करणारा आहे. म्हणजे स्वर्गाचे आश्वासन ही गीतेतली पहिली पायरी आहे. अखेरचा मुक्काम नव्हे.

संयुत्तनिकाय या बौद्ध ग्रंथातील योधाजीव सुत्तात याच श्रद्धेला थेट आव्हान आहे. योद्ध्यांचा एक प्रमुख बुद्धाला विचारतो की, रणात झुंजून मेलेला योद्धा स्वर्गात जातो असे आमचे पूर्वाचार्य सांगत आले, आपले मत काय? बुद्ध पुन्हा पुन्हा सांगतात, हा प्रश्न विचारू नकोस. तो आग्रह सोडत नाही, तेव्हा ते उत्तर देतात : हे मारले जावेत, हे नष्ट व्हावेत, अशा विचाराने ज्याचे चित्त मरणाच्या घटकेला भरलेले असते, त्याची गती चांगली होत नाही. ते ऐकून योद्धा रडू लागतो. पिढ्यानपिढ्या आपल्याला फसवले गेले, याचे ते रडणे आहे.

वीरगळ आणि सुत्त यांच्यातला विरोध खरा आहे. दोन्हींचा आशय एकच, असे म्हणणे दोन्हींवर अन्याय होईल. तरी सुत्ताचा रोख कशावर आहे ते नीट पाहावे लागते. तो मरणाऱ्याच्या मनावर आहे. द्वेषाने भरलेले मन त्यात दोषी ठरते. शिवाय स्वर्गाचे आमिष दाखवून माणसाला मरायला पाठवणे म्हणजे त्याच्याकडून दान न घेता त्याच्याशी व्यवहार करणे, ही जाणीवही त्यात आहे. निष्काम कर्म सांगणारी गीता आणि चित्ताची शुद्धी सांगणारा बुद्ध यांची दिशा एवढ्यापुरती जुळते, की कृतीची पारख तिच्यामागच्या मनावरून करावी.

मुंबई पोलिस दलातील सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांची कृती या दृष्टीने लक्षणीय आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीत मुंबईवर हल्ला करणाऱ्या दोघा अतिरेक्यांची मोटार अडवली गेली. दोघांपैकी एक मारला गेला. दुसरा, अजमल कसाब, रायफलसह हाती लागण्याच्या बेतात होता. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे, पूर्वी सैन्यात नोकरी केलेले ओंबळे पुढे झाले. त्यांच्याकडे बंदूक नव्हती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्यांनी नळी सोडली नाही, म्हणून मागचे सहकारी वाचले आणि कसाब जिवंत पकडला गेला. पुढे त्याच्यावर न्यायालयात रीतसर खटला चालला. २६ जानेवारी २००९ रोजी ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र जाहीर झाले. त्यांनी कोणाचा जीव घेतला नाही. मारणाऱ्याच्या आणि मरणाऱ्यांच्या मध्ये ते उभे राहिले. वीरगळ ज्याचा गौरव करते ते शौर्य आणि जातककथा ज्याचा गौरव करतात ती करुणा, या एका कृतीत एकत्र आलेली दिसतात.

घाडगे यांच्या हातून चार माणसे मेली, आणि त्या चौघांनाही घरे होती. हे विसरून त्यांचा गौरव करणे प्रामाणिक नाही. पण त्यांच्या मागे जखमी सोबती पडलेले होते, आणि मशीनगन चालू राहणे म्हणजे आणखी माणसे पडणे होते. त्यांच्या कृतीत हिंसा आहे. तिचे प्रयोजन मात्र सोबत्यांच्या रक्षणाशी बांधलेले आहे. युद्ध पुकारल्याचा जाब युद्ध पुकारणाऱ्यांना विचारायचा असतो. त्या क्षणी समोर आलेल्या निवडीपुरताच सैनिक जबाबदार असतो.

कर्तव्य आणि त्याच्या पलीकडे

इंग्लिश तत्त्वज्ञ जे. ओ. अर्म्सन यांनी १९५८ साली संत आणि वीर यांच्यावर एक निबंध लिहिला. कृतींचे तीनच प्रकार असतात, कर्तव्य, निषिद्ध आणि मोकळीक असलेल्या, ही रूढ मांडणी अपुरी आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी सैनिकाचेच उदाहरण घेतले. सराव चालू असताना एका सैनिकाच्या हातून जिवंत हातबॉम्ब निसटतो, आणि दुसरा त्यावर स्वतःला झोकून देऊन सोबत्यांना वाचवतो. त्याने तसे केले नसते तर त्याने कर्तव्यात कसूर केली असे कोणी म्हणाले नसते. त्याचा अधिकारी त्याला तसा हुकूम देऊ शकला नसता. बरोबरचा दुसरा सैनिक, तू उडी का घेतली नाहीस, असे त्याला विचारू शकला नसता. तरीही त्याने केले ते नुसते चालण्याजोगे नव्हते. ते अत्यंत थोर होते. म्हणजे कर्तव्याच्या पलीकडे एक प्रदेश आहे, आणि नीतीच्या विचाराला तो ओळखावा लागतो.

याला एक आक्षेप घेता येतो. मरणाची जोखीम तर सैनिक भरती होतानाच स्वीकारतो. मग पलीकडचे उरते काय? छत्रपती संभाजीनगरमध्ये १९७७ पासून राज्य शासनाची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट चालते. दहावी झालेली मुले तिथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची तयारी करतात. ज्या वयात बहुतेक मुले पुढे काय शिकायचे या विचारात असतात, त्या वयात ही मुले जोखमीचा मार्ग निवडतात. अशा संस्था काय शिकवू शकतात? शिस्त, शरीराची ताकद, आज्ञापालन, नेतृत्व, सोबत्यांची काळजी. एवढे शिकवता येते आणि एवढे मागताही येते. पण सेक्शनमधले सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनवर धावून जाणे हा कोणत्याही अभ्यासक्रमाचा धडा होऊ शकत नाही. शिक्षण माणसाला त्या क्षणाच्या उंबरठ्यापर्यंत आणते. पुढचे पाऊल त्याचे त्यालाच टाकावे लागते.

पदकांच्या नियमांतही हा भेद दिसतो. नियमित सेवेसाठी पगार, बढती आणि सेवापदके असतात. परमवीर चक्राच्या निकषांत मात्र शत्रूसमोरील असामान्य शौर्याबरोबर आत्मबलिदानाचा उल्लेख आहे. जे मागता येते, त्याचा मोबदला देता येतो. जे मागता येत नाही, त्याचा फक्त सन्मान करता येतो. अर्म्सन यांनी एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली आहे : अशी कृती करणारे बहुधा, आपण फक्त कर्तव्य केले, असेच म्हणतात. ते त्यांनी म्हणावे यात त्यांचा मोठेपणा आहे. समाजाने मात्र तसे म्हणू नये. ‘ते तर त्यांचे कामच होते’ असे समाज म्हणू लागला, की दानाचे वसुलीत रूपांतर होते.

मृताला सन्मान पोहोचतो का?

ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरस म्हणे की आपण असतो तेव्हा मरण नसते आणि मरण येते तेव्हा आपण नसतो. म्हणून मृताचे भले किंवा वाईट संभवत नाही. हे मानले तर मरणोत्तर पदक रिकाम्या जागी ठेवलेली वस्तू ठरते. ॲरिस्टॉटलने जरा निराळा विचार केला. वंशजांचे सुखदुःख आणि मागे उरलेली कीर्ती मृताला काहीशी स्पर्श करते, निदान लोक तसे मानतात आणि ते उडवून लावता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. माणसाच्या आयुष्याचा अर्थ त्याच्या शेवटच्या श्वासाबरोबर बंद होत नाही. त्याने ज्यासाठी जीव दिला ते टिकले की वाया गेले, यावर तो अर्थ पुढेही घडत राहतो.

भारतात या प्रश्नाला दधीचीच्या कथेने आकार दिला. वृत्रासुराच्या वधासाठी देवांनी या ऋषीच्या अस्थी मागितल्या. त्याने देह ठेवला आणि त्या अस्थींचे इंद्रासाठी वज्र झाले. २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झालेल्या परमवीर चक्राची रचना करताना सावित्रीबाई खानोलकर यांनी हेच वज्र पदकावर चार बाजूंना घेतले. युरोपात जन्मलेल्या सावित्रीबाई विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून भारतीय झाल्या होत्या आणि पुराणांचा त्यांचा अभ्यास गाढ होता. हे पदक पहिल्यांदा जाहीर झाले ते मेजर सोमनाथ शर्मा यांना, मरणोत्तर. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे ते पडले तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. आजवरच्या एकवीस परमवीरांपैकी चौदा जणांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला आहे.

मृताला पदकाचा आनंद होत नाही, हे खरे मानले तरी सन्मान निरर्थक ठरत नाही, कारण तो आनंदासाठी दिलेला नसतो. सन्मान ही साक्ष असते. अमुक माणूस होता, अमुक ठिकाणी त्याने हे केले, आणि आम्ही त्याचे देणे लागतो, एवढे ती साक्ष सांगते. अशा साक्षीची ताकद कोरेगाव भीमा येथील स्तंभावरून कळते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने पडलेल्या सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत आणि त्यांत महार सैनिकांची नावे मोठ्या संख्येने आहेत. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले. ज्यांना गावात माणूस म्हणून मान नव्हता, त्यांचे शौर्य दगडाने जपून ठेवले होते, आणि त्यावरून एका समाजाला स्वतःच्या प्रतिष्ठेची खूण पटवता आली.

याच स्तंभाच्या संदर्भात आणखी एक प्रश्न येतो. घाडगे ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यात लढले, कोरेगावचे सैनिक कंपनीच्या. ज्या सत्तेसाठी लढाई झाली ती सत्ता न्याय्य नसेल, तर त्यागाचे मोल उरते का? उरते, कारण त्याग सत्तेला वाहिलेला नसतो. १९४४ च्या त्या दिवशी घाडगे यांच्या भोवती लंडनचे मंत्रिमंडळ नव्हते. त्यांच्याच पलटणीतली, त्यांच्याबरोबर जेवलेली माणसे पडलेली होती. सत्तेचे हेतू इतिहास तपासतो आणि त्याने ते कठोरपणे तपासावेत. सोबत्यासाठी पुढे झालेल्या माणसाचे मोल त्या निकालाने बदलत नाही.

सन्मान करणाऱ्याची जबाबदारी

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात महाकपि जातक रंगवलेले आहे. गंगाकाठच्या आंब्याच्या झाडावर ऐंशी हजार वानरांचा कळप राहतो. त्या फळाच्या मोहाने आलेला वाराणसीचा राजा धनुर्धरांना झाडाला वेढा घालायला सांगतो. वानरांचा राजा नदीपलीकडे झेप घेतो, तिथला वेल कमरेला बांधून परत येतो. वेल थोडा तोकडा पडतो, म्हणून तो स्वतः फांदी धरून राहतो आणि आपल्या देहाचा पूल करतो. सगळा कळप त्याच्या पाठीवरून पार होतो. शेवटी उडी घेणारा एक वानर मात्र वैराने त्याच्या पाठीवर असा आदळतो, की त्याला प्राणांतिक इजा होते. हे पाहून राजाचे मन पालटते. तो त्याला सन्मानाने खाली उतरवून घेतो, त्याची शुश्रूषा करतो, आणि तो मेल्यावर राजाला शोभतील असे अंत्यसंस्कार करून त्याचे स्मारक उभारतो.

या कथेत मरणोत्तर सन्मान करणारा राजा तोच आहे, ज्याने बाण रोखायला लावले होते. सन्मानाचा खरा भार इथे स्पष्ट होतो. राज्य, समाज, शासन सैनिकाला जिथे मरावे लागते तिथे पाठवतात आणि मग त्याला पदक देतात. हा सन्मान पश्चात्तापासह आणि शहाणपणासह आला तरच तो खरा. जातकातला राजा मरणाऱ्या वानराकडून राज्य कसे करावे याचा उपदेश ऐकतो आणि पुढे तसे वागतो. स्मारक बांधून त्याची सुटका होत नाही.

सतराव्या लेण्यातच विश्वंतर जातक आहे, आणि त्यातील दानाविषयी मिलिंद राजाने नागसेनांना बोचरा प्रश्न विचारला होता : विश्वंतराने स्वतःची मुलेबाळे दान केली, ती मुले रडत गेली, दुसऱ्याला दुःख देऊन केलेले दान खरेच चांगले म्हणायचे का? नागसेन त्या दानाचे समर्थन करतात, पण प्रश्नाचे वजन कमी होत नाही. सैनिक आपला जीव देतो तेव्हा त्याची पत्नी, मुले, आईवडील यांचे आयुष्यही त्या दानात ओढले जाते, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. त्यांचे दुःख भाषणांत गौरवाचे रूप घेते. घरात मात्र ते रोजचे असते. म्हणून वीराच्या कुटुंबाचा सांभाळ ही कृपा मानता येत नाही. ती सन्मानाचीच अट आहे.

यावरून खऱ्या मरणोत्तर सन्मानाची लक्षणे सांगता येतात. तो नाव आणि कृती अचूक नोंदवतो, आणि त्यात न घडलेल्या गोष्टींची भर घालत नाही. तो शत्रूच्या द्वेषावर उभा राहत नाही. मागे राहिलेल्यांचा भार तो वर्षानुवर्षे वाहतो. आणि एकाच्या त्यागाचे उदाहरण पुढे करून तो दुसऱ्याकडे तसाच त्याग मागत नाही. उलट तशी वेळ पुन्हा कोणावर येऊ नये यासाठी झटतो. बावीस वर्षांच्या तरुणाने दिलेला जीव समाजाच्या हक्काचा नव्हता. तो फुकट मिळाला, आणि मिळालेल्याला लायक होण्याचे काम जिवंत माणसांकडे राहिले.